मूल मोबाईलच्या खेळात अडकले, तर कोणते दार ठोठवावे?



आपल्या जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात सौंदाळा नावाचे गाव आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये या गावाच्या ग्रामसभेने शिवीगाळ करणाऱ्याला ५०० रुपये दंड करण्याचा ठराव केला आणि त्याची बातमी राज्यभर पसरली. त्याच वेळी गावाने आणखी एक गोष्ट ठरवली होती. तिच्याकडे मात्र फार थोड्या लोकांचे लक्ष गेले. संध्याकाळी ७ ते ९ ही अभ्यासाची वेळ, त्या वेळेत शाळकरी मुलांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही, असे गावाने एकमताने ठरवले.

एखाद्या गावाला असा ठराव का करावा लागतो, हे आपल्या धर्मग्रामातील आईवडिलांना वेगळे सांगायला नको. २०२० साली शाळा बंद झाल्या, तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरोघरी फोन घेतले गेले. कोणी उसने पैसे काढले, कोणी हप्त्यावर घेतला. शाळा पुन्हा सुरू झाल्या, पण फोन मुलांच्या हातातच राहिला. आई शेतात, वडील कारखान्यावर किंवा गाडीवर, आणि मूल दिवसभर पडद्यासमोर, असे चित्र अनेक घरांत दिसते. काही घरांत तर जेवण, झोप, शाळा, मिस्सा यांपैकी कशाचीच वेळ पाळली जात नाही. बँकेच्या खात्यातून पैसे गेल्यावर मग घरात रडारड होते.

असे पालक भेटले की त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो. "याच्यावर काही कायदा नाही का हो?" आजच्या पाठात आम्ही याच प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न करणार आहोत. कायदा आहे, आणि एक नव्हे तर अनेक आहेत. मुलाच्या हातातला फोन काढून घेण्याचे काम मात्र कोणताही कायदा करत नाही. ते घरालाच करावे लागते. पण पैसे गेले असतील, फसवणूक किंवा छळ झाला असेल, उपचारांची गरज असेल, तर कायदा आईवडिलांच्या पाठीशी उभा राहतो. हे सर्व कायदे वाचले तर एक गोष्ट ध्यानात येते. कायदा अठरा वर्षांखालच्या मुलाकडे आधी मूल म्हणून पाहतो. आपणही तसेच पाहिले, तर पुढची वाट सोपी होते.

१. छंद कोणता आणि व्यसन कोणते?

मूल खेळते म्हणजे ते व्यसनी झाले, असे नव्हे. सुट्टीत तासभर मित्रांबरोबर खेळणाऱ्या मुलाला व्यसनी म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मग रेषा कोठे ओढायची?

जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात खेळाच्या या विकाराची नोंद केली आहे. मे २०१९ मध्ये या वर्गीकरणाला मान्यता मिळाली आणि १ जानेवारी २०२२ पासून ते लागू झाले. त्यात तीन खुणा सांगितल्या आहेत. पहिली, खेळ केव्हा सुरू करायचा, किती वेळ खेळायचे आणि केव्हा थांबायचे यावर ताबा राहत नाही. दुसरी, इतर सर्व आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळच पहिला होतो. तिसरी, नुकसान होत आहे हे दिसत असूनही खेळ चालूच राहतो किंवा वाढतो. या तिन्ही खुणा साधारण बारा महिने टिकल्या आणि त्यामुळे घर, शाळा, मैत्री यांचे मोठे नुकसान झाले, तर डॉक्टर त्याला विकार म्हणतात. लक्षणे फार तीव्र असतील तर कमी काळातही निदान होऊ शकते.

म्हणजे नुसते तास मोजून भागत नाही. मुलाचे बाकीचे आयुष्य शिल्लक आहे की नाही, हे पाहावे लागते. मूल मैदानावर जाते का? भावंडांशी बोलते का? फोन ठेवायला सांगितल्यावर कुरकुर करून का होईना, ठेवते का? उत्तर 'हो' असेल तर शिस्त पुरेशी आहे. 'नाही' असेल तर मदत घ्यावी.

येथे एक सावधगिरी बाळगावी. २०१७ साली 'ब्लू व्हेल' नावाच्या खेळाची मोठी भीती देशभर पसरली होती. पुढे जानेवारी २०१८ मध्ये केंद्र सरकारने लोकसभेत सांगितले, की तपासलेल्या घटनांपैकी एकाही मृत्यूचा त्या खेळाशी संबंध सिद्ध झाला नाही. अफवेने आपण घाबरतो आणि घरात रोज हळूहळू होणारे नुकसान मात्र नजरेतून सुटते.

२. खेळ सोडवत का नाही?

"आमच्या वेळी आम्हीही खेळायचो, पण अंधार पडला की घरी यायचो," असे आजीआजोबा म्हणतात. ते खरेच आहे. विटीदांडूला आणि लगोरीला शेवट होता. मोबाईलच्या खेळाला शेवट ठेवलेला नसतो.

यातील बहुतेक खेळ फुकट मिळतात. कंपनीची कमाई होते ती खेळाच्या आतल्या विक्रीतून. खेळातील सैनिकाचे कपडे, बंदुकीचा रंग, आत काय आहे हे न सांगता विकलेली पेटी, अशा वस्तू तेथे विकल्या जातात. रोज हजेरी लावली तर बक्षीस मिळते, एक दिवस चुकला तर मागचे वाया जाते. 'ही वस्तू फक्त आजच' अशी घाई केली जाते. शिवाय चार मित्रांचा संघ असतो. एकजण मध्येच उठला तर बाकीचे हरतात आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याला बोल लावतात. आई जेवायला हाक मारते आणि मूल "पाच मिनिटं" म्हणते, त्यामागे हे सगळे असते. नुसता हट्टीपणा म्हणून ते सोडून देता येत नाही.

हा केवळ आमचा तर्क नाही. 'फोर्टनाइट' हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्स या कंपनीने अमेरिकेतील फेडरल ट्रेड कमिशनबरोबर डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरची तडजोड केली. त्यातील साडेचोवीस कोटी डॉलर ग्राहकांना परत देण्यासाठी होते. गोंधळात टाकणाऱ्या बटणांमुळे नको असलेली खरेदी होते आणि मुले पालकांच्या संमतीविना पैसे खर्च करतात, असा तेथील आरोप होता. भारतातही ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. खोटी घाई निर्माण करण्यासारखे एकूण १३ प्रकार त्यात अनुचित ठरवले आहेत.

कॅथलिक ख्रिस्तसभेनेही हा विषय पूर्वीच हाती घेतला होता. २००७ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनासाठी पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 'मुले आणि माध्यमे' हाच विषय निवडला होता आणि हिंसेचा गौरव करणाऱ्या व्हिडिओ खेळांविषयी कठोर शब्दांत लिहिले होते.

३. बंदीने प्रश्न सुटतो का?

जानेवारी २०१९ मध्ये मुंबईतील ११ वर्षांच्या एका मुलाने आपल्या आईमार्फत मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. पबजी हा खेळ हिंसा आणि आक्रमकता वाढवतो, म्हणून त्यावर बंदी घालावी, अशी मागणी त्यात होती. अकरा वर्षांचे मूलही न्यायालयाचे दार ठोठवू शकते, हे आपल्या राज्याने या निमित्ताने पाहिले. एप्रिल २०१९ मध्ये न्यायालयाने केंद्र सरकारच्या संबंधित मंत्रालयाला खेळ तपासून पाहण्यास आणि आक्षेपार्ह काही आढळल्यास कारवाई करण्यास सांगितले.

पुढे २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली, त्यात पबजी होता. मात्र बंदीचे कारण मुलांचे आरोग्य हे नव्हते. देशाची सुरक्षितता आणि नागरिकांची माहिती परदेशात जाण्याचा धोका, हे कारण होते. जुलै २०२१ मध्ये त्याच धर्तीचा खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' या नावाने आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये 'फ्री फायर' बंद झाला. जुलै २०२२ मध्ये 'बॅटलग्राउंड्स'ही बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. या वेळी अठरा वर्षांखालील मुलांसाठी दिवसाला ३ तासांची मर्यादा घातली गेली. पण मुलाने वय खोटे सांगितले किंवा मोठ्या माणसाच्या नावाने खाते उघडले, की ही मर्यादा कशी टिकणार?

दक्षिण कोरियाचा अनुभवही असाच आहे. त्या देशाने २०११ साली कायदा करून १६ वर्षांखालील मुलांना रात्री १२ ते सकाळी ६ या वेळेत ऑनलाइन खेळ बंद केले. मुले आईवडिलांच्या ओळख क्रमांकाने खेळू लागली. खेळ संगणकावरून मोबाईलवर आले. शेवटी २०२२ पासून तो कायदा रद्द करण्यात आला आणि वेळ ठरवण्याचे काम पुन्हा कुटुंबाकडे आले.

म्हणून बंदीची वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. एक खेळ गेला की दुसरा येतो. आज जे कायदे हाताशी आहेत, ते पालकांनी वापरले पाहिजेत. ते कोणते, हे आता क्रमाने पाहू.

४. पैसे गेले असतील तर

समजा, सातवीतल्या मुलाने वडिलांच्या फोनवरून खेळातील वस्तू घेण्यासाठी वीस हजार रुपये घालवले. आता काय करायचे?

पहिली गोष्ट, त्याच दिवशी हालचाल करावी. ज्या दुकानातून, म्हणजे गूगल प्ले किंवा अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरमधून खरेदी झाली, तेथे परताव्याची मागणी नोंदवावी. गूगल प्लेवर खरेदीनंतर ४८ तासांच्या आत मागणी केली तर पैसे परत मिळण्याची शक्यता जास्त असते. खरेदी मुलाने संमतीविना केली, हे खरे कारण लिहावे. खोटे काही लिहू नये.

दुसरी गोष्ट, बँकेला कळवून पुढचे व्यवहार थांबवावेत आणि पिन बदलावा. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, बाहेरच्या माणसाने फसवून पैसे काढले आणि आपण तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर ग्राहकावर भार येत नाही. पण पिन आपणच घरात सांगून ठेवला असेल, तर तो ग्राहकाचा निष्काळजीपणा धरला जाऊ शकतो आणि कळवेपर्यंतचे नुकसान आपल्यावर येते. कळवल्यानंतर होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी बँकेची असते. म्हणून लवकर कळवणे महत्त्वाचे.

तिसरी गोष्ट, कंपनीकडे लेखी तक्रार करावी. येथे १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे कलम ११ उपयोगी पडते. अठरा वर्षांखालील व्यक्ती करार करण्यास पात्र नसते. तिने केलेला करार मुळातच रद्दबातल असतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली 'मोहरीबीबी विरुद्ध धर्मोदास घोष' या खटल्यात दिला आणि आजही तो आधार मानला जातो. अर्थात कंपनी म्हणेल, की खाते वडिलांच्या नावाचे होते, आम्हांला काय माहीत. म्हणून मुलाचा जन्मदाखला, खेळातील खात्यावर नोंदवलेले वय, खरेदीच्या पावत्या, बँकेचे उतारे, व्यवहाराच्या वेळा यांची नीट जुळणी करून ठेवावी. रागाच्या भरात खेळ काढून टाकू नये, आधी पडद्याची छायाचित्रे घ्यावीत.

एवढ्याने झाले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. शेवटचा मार्ग म्हणजे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे, आपण जेथे राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. कंपनी बंगळूरची असो वा परदेशातील, आपल्याला तेथे जाण्याची गरज नाही. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी फी नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. मात्र तक्रार दोन वर्षांच्या आत झाली पाहिजे.

५. खेळ पैशांचा असेल तर

रमी, पैज, पैसे लावून खेळायचे क्रिकेटचे संघ, रंगांवर बोली लावायचे खेळ, हे सर्व वेगळ्या वर्गात मोडतात. मुले मोठ्या भावाच्या किंवा वडिलांच्या पॅन कार्डावर हे खेळ खेळतात, असे अनेक ठिकाणी दिसून आले आहे.

संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन खेळांसंबंधीचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्ट २०२५ रोजी त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड, तर त्याची जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड, अशी तरतूद त्यात आहे. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा भेदही आता उरलेला नाही. या कायद्याला न्यायालयात आव्हान दिले गेले, तरी संमतीनंतर लगेच अनेक मोठ्या कंपन्यांनी आपले पैशांचे खेळ बंद केले.

पालकांसाठी महत्त्वाची गोष्ट अशी, की या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याला बळी मानलेले आहे. म्हणून "तक्रार केली तर माझ्याच पोराला धरतील" या भीतीने गप्प बसू नये. चोरून चालणाऱ्या अशा एखाद्या अ‍ॅपने पैसे लुबाडले, तर ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. पहिल्या काही तासांत फोन झाला तर पैसे वाटेतच गोठवता येण्याची शक्यता असते.

६. खेळातून अनोळखी माणूस घरात शिरला तर

आजच्या खेळांत कानाला लावून बोलायची सोय असते. पलीकडे बारा वर्षांचा मुलगा आहे की चाळीस वर्षांचा माणूस, हे कळत नाही. आधी तो खेळातील वस्तू भेट देतो, मग फोन नंबर मागतो, मग फोटो. आणि त्यानंतर धमकी. मूल घाबरून आणखी गप्प होते.

२०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, लैंगिक हेतूने मुलाशी इलेक्ट्रॉनिक साधनांतून वारंवार संपर्क ठेवणे हाही गुन्हा आहे. प्रत्यक्ष स्पर्श झालाच पाहिजे असे नाही. असे काही कळले तर पोलिसांना कळवणे कायद्याने सर्वांवर बंधनकारक आहे. पालक, शिक्षक, धर्मगुरू, सिस्टर, कोणीही त्याला अपवाद नाही. मुलाला ठाण्यात बसवून ठेवतील ही भीतीही बाळगू नये. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यावा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अधिकाऱ्याने गणवेश घालू नये, आणि मुलाचे नाव उघड होऊ नये, असे हाच कायदा सांगतो. तातडीची मदत हवी असेल तर १०९८ ही चाइल्ड हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते.

याच जोडीला मुलांच्या माहितीविषयीचा २०२३ चा कायदा ध्यानात ठेवावा. मुलाची माहिती घेण्यापूर्वी कंपनीने पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी, त्याच्या वागण्यावर पाळत ठेवू नये आणि त्याला हेरून जाहिराती दाखवू नयेत, असे तो सांगतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले असून कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत दिलेली आहे.

७. उपचारांचा हक्क

व्यसन जडले असेल तर डॉक्टरकडे जाण्यात कमीपणा नाही. हातपाय मोडला तर आपण हाडवैद्याकडे जातो, मग मन अडकले तर मनाच्या डॉक्टरकडे जाण्यास लाजायचे कशाला? बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१४ साली मोबाईल आणि इंटरनेटच्या अतिवापरासाठी खास उपचारकेंद्र सुरू केले. आपल्या जिल्ह्यात जिल्हा रुग्णालयात आणि लोणीच्या प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहेत. घरातून फोनवर बोलायचे असेल तर ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली 'टेलीमानस' ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य मिळते आणि तेथे मराठीतून बोलता येते. मूल जगण्याचा कंटाळा आल्याचे बोलत असेल, तर ते 'नाटक' समजू नये. त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी मदत घ्यावी.

काही ठिकाणी 'व्यसन सोडवतो' असे सांगून मुलांना कोंडून ठेवणारी, मारहाण करणारी केंद्रे असतात. त्यांच्यापासून सावध राहा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणे हा हक्क केला आहे, आणि त्याबरोबर मुलाचे रक्षणही केले आहे. अठरा वर्षांखालील मुलाला दाखल करायचे तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासले पाहिजे. त्याला मोठ्यांपासून वेगळे ठेवले पाहिजे. दाखल असेपर्यंत आईवडिलांपैकी किंवा पालकांनी नेमलेले कोणीतरी त्याच्याबरोबर राहिले पाहिजे. रुग्णाला साखळीने बांधणे तर कायद्याने बंदच आहे. "मूल आमच्याकडे सोडा आणि महिन्याने या" असे कोणी म्हणाले, तर तेथून मुलाला घेऊन निघावे.

८. मारझोड आणि चोरीचा शिक्का

मुलाने आईच्या डब्यातले पैसे घेतले, फोन लपवला, खोटे बोलले, की घरात पट्टा निघतो. आईवडिलांचा संताप आम्ही समजू शकतो. घाम गाळून मिळवलेले पैसे असतात. पण मारझोडीने मूल खेळापासून दूर जात नाही, ते आईवडिलांपासून दूर जाते. मग खेळातले मित्रच त्याला जवळचे वाटू लागतात.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७५ प्रमाणे, ज्याच्या ताब्यात मूल आहे त्याने मुलाला अनावश्यक शारीरिक किंवा मानसिक त्रास दिला, तर त्याला शिक्षा होऊ शकते. गुन्ह्याच्या आरोपात सापडलेल्या मुलालाही पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. म्हणून "तुला पोलिसांत देतो" अशी धमकी मुलाला देऊ नये. ती खरी होणार नाही, हे मुलाला आज ना उद्या कळते. शिवाय उद्या खरोखर पोलिसांची मदत घ्यायची वेळ आली, तर याच धमकीमुळे मूल तोंड उघडत नाही.

९. वकिलाला पैसे नसतील तर

१९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे स्त्रिया आणि मुले यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. शेतमजूर आई असो वा शाळेतली शिक्षिका, दोघींनाही हा हक्क आहे. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते आणि तालुक्याच्या न्यायालयात तालुका समिती असते. साध्या कागदावर अर्ज केला तरी चालतो. १५१०० या क्रमांकावर फोन करूनही माहिती मिळते.

१०. घरात आजपासून काय करावे?

वर सांगितलेली सर्व दारे नुकसान झाल्यानंतरची आहेत. नुकसान होण्यापूर्वीचे काम घरातच करावे लागते.

बँकेचा पिन मुलाला सांगू नये, आणि मुलाच्या हातातल्या फोनला बँक खाते जोडू नये. खरेदीसाठी प्रत्येक वेळी पासवर्ड मागणारी सोय फोनमध्ये चालू करावी. मुलाचे खाते त्याच्या खऱ्या वयाने उघडावे, म्हणजे पुढे तक्रार करताना तोच पुरावा होतो. रात्री फोन मुलाच्या उशाशी नको, तो आईवडिलांच्या खोलीत चार्ज व्हावा. व्यसन जडलेले असेल तर एका दिवसात सर्व बंद करू नये. मूल चिडते, कधी हिंसकही होते. त्याच्याशी बोलून वेळ ठरवावी, दर आठवड्याला थोडी कमी करावी, आणि रिकाम्या झालेल्या वेळेत दुसरे काहीतरी द्यावे. क्रिकेट, कबड्डी, गायनमंडळ, शेतावरची लहानसहान जबाबदारी, काहीही चालेल. हात रिकामे राहिले तर ते पुन्हा फोनकडेच जातील.

आणि वडीलमंडळींनी स्वतःकडेही पाहावे. जेवताना बाप फोनवर व्हिडिओ पाहत असेल, तर मुलाला सांगण्याचा अधिकार त्याला कसा राहील? सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावात ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास मोबाईल व टीव्ही बंद ठेवण्याची प्रथा सुरू झाली. तेथे हा नियम केवळ मुलांसाठी ठेवला नव्हता, मोठ्यांनाही तोच होता. आपल्या घरांत पूर्वी हीच वेळ जपमाळेची असे. घंटा झाली की सगळे एकत्र बसत. ती वेळ पुन्हा धरली, तर निम्मे काम आपोआप होईल.

बंधुभगिनींनो, ज्या घरात असे मूल आहे, ते घर बहुधा ही गोष्ट लपवते. शेजारी काय म्हणतील, मिस्सेला गेल्यावर लोक काय बोलतील, या विचाराने आईवडील गप्प राहतात आणि तक्रारीची मुदत निघून जाते, उपचाराची वेळ निघून जाते. अशा घराला नावे ठेवू नका. त्यांच्याबरोबर बँकेत जा, अर्ज लिहून द्या, दवाखान्यात सोबत करा. प्रभू येशूने शिष्यांच्या मध्ये बालकाला उभे केले होते. आपल्या मध्ये उभ्या असलेल्या या बालकाचीही आज आपल्याला आठवण ठेवायची आहे.

समूहात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वाडीतील किंवा वस्तीतील मुलांना संध्याकाळी खेळायला मोकळी जागा आहे का? नसेल तर ती कोठे करता येईल?

२. सौंदाळ्याप्रमाणे आपल्या गावातही ७ ते ९ ही वेळ पाळता येईल का? त्यासाठी मोठी माणसे काय सोडायला तयार आहेत?

३. १०९८, १९३०, १९१५, १४४१६ आणि १५१०० हे पाच क्रमांक कशासाठी आहेत, ते एकमेकांना सांगा. ते एका कागदावर लिहून घरात सर्वांना दिसतील असे लावा.

४. आपल्या ओळखीच्या एखाद्या घराला या बाबतीत मदतीची गरज आहे का? त्यांच्याकडे कोण आणि कधी जाईल?